ड्युअल-मोड फीड हॉर्न बनवताना: क्रॉस-पोल खरं कुठे अडतं

फीड हॉर्न म्हणजे डिशच्या नाभीशी बसणारा शिंगासारखा अँटेना. साध्या गोल वेव्हगाइडच्या (लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीच्या) तोंडाशी टीई11 मोडच्या, म्हणजे नळीतल्या मुख्य लहर-रचनेच्या, विद्युतक्षेत्राच्या रेषा वाकलेल्या असतात. त्यामुळे ई (विद्युतक्षेत्राच्या) आणि एच (चुंबकीय क्षेत्राच्या) प्रतलांतले बीम सारखे निघत नाहीत. हा फरक त्यांच्या मधल्या 45 अंशांच्या प्रतलात क्रॉस-पोल (हव्या ध्रुवीकरणाला काटकोनातला नको असलेला सिग्नल) म्हणून दिसतो, ढोबळमानाने दोन्ही पॅटर्नमधल्या फरकाच्या निम्मा. पॉटर यांनी 1963 मध्ये मांडलेला उपाय असा की थोडा टीएम11 हा दुसरा मोड योग्य फेजमध्ये मिसळायचा, म्हणजे रेषा सरळ होतात.

मी 10.368 गिगाहर्ट्झसाठी केलेला हॉर्न हौशी रेडिओवाल्यांच्या डब्ल्यूटूआयएमयू (एका कॉलसाइनवरून पडलेलं नाव) धर्तीचा. तरंगलांबी 28.9 मिमी. मागची नळी 20.5 मिमी व्यासाची, कारण 17 च्या खाली टीई11 जात नाही आणि 22.1 च्या वर टीएम01 हा नको असलेला मोड घुसतो. पुढे अक्षाशी 30 अंशांचा उतार, लांबी 15.1 मिमी. मग 37.9 मिमी व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा रुंद भाग.

मेख या रुंद भागातच आहे. टीएम11 ला किमान 35.3 मिमी व्यास लागतो, म्हणजे तो इथे जेमतेम चालतो. बोअर (आतला व्यास) 0.3 मिमी कमी भरला, तर दोन मोडमधली फेज सुमारे 8 अंशांनी सरकते. लांबी मात्र मिलिमीटरमागे साडेसहा अंशच देते. म्हणून रबाळे एमआयडीसीत लेथवर काम देताना तोंडाकडे 3 मिमी जास्त ठेवायला सांगितले. बोअर लहान आला तर लांबी कापून फेज जुळवता येते, 0.3 साठी साधारण 1.2 मिमी. उताराचा कोन चुकला तर टीएम11 चं प्रमाणच बिघडतं. ते लांबीने सुधारत नाही.

वजन वाचवायला भिंत पातळ करू नये. तीन जबड्यांचा चक ती दाबतो, जॉब सुटल्यावर बोअर गोल राहत नाही, आणि मागची नळी लंबगोल झाली की ध्रुवीकरण तिथेच बिघडतं. 50 मिमीचा अ‍ॅल्युमिनियम बार पुरतो. बोअर व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजू नका, टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर घ्या.

प्रोब (नळीत सिग्नल देणारी-घेणारी छोटी तार) मागच्या नळीच्या बंद टोकापासून 12.9 मिमीवर ठेवून सुरुवात करावी. प्रोबजवळ टीएम01 तयार होतोच, पण या नळीत तो मिलिमीटरमागे पाऊण डीबीने मरतो. उतारापर्यंत 40 मिमी सोडले की 30 डीबी गेला.

मोजमाप गच्चीवर 2 मीटरवर होतं. एवढ्या छोट्या तोंडाला ते भरपूर आहे. स्रोत (चाचणीचा सिग्नल सोडणारा अँटेना) आणि हॉर्न दोन्ही 45 अंश फिरवायचे, एकमेकांना काटकोनात. कोनात 1 अंश चूक झाली तरी खोटा क्रॉस-पोल −35 डीबीला येतो, 2 अंशांत −29. अक्षावर आधी शून्य पकडा, मगच हॉर्न वळवा. ठाण्यातल्या गच्च्यांवर पावसाळी पत्र्याची शेड हमखास असते. स्रोत 7 मिमी मागे घेतल्यावर वाचन हललं तर ते परावर्तन समजा, हॉर्नचा दोष नाही. आता अर्धा-अर्धा मिलिमीटर तोंड कापत 45 अंशांतलं वाचन सर्वांत खाली येईल तिथे थांबायचं. कापलेलं परत येत नाही, म्हणून दर कापानंतर बर (कडेला राहिलेली धातूची खरखर) काढून मोजा.

हा हॉर्न 0.5 ते 0.6 एफ-बाय-डीच्या (नाभीय अंतर भागिले व्यास) सममित डिशला जमतो. डीटीएचच्या ऑफसेट (फीड बाजूला असलेल्या) डिशवर लावला तर रेषीय ध्रुवीकरणात डिशच्या असममितीचा क्रॉस-पोल वेगळा उरतोच. तो मारायला फीडमध्ये टीई21 हा आणखी एक मोडही मिसळावा लागतो, आणि त्याची रचना पूर्ण वेगळी आहे.