तासगावचं कुटुंब, मोझेल नदी आणि गाडी चालवणार कोण

मी सांगलीत विश्रामबागला टूर प्लॅनिंगचं काम करते. आमच्याकडं जास्त करून चारधाम, दुबई, केरळ असली बुकिंग असतात, युरोपला जाणारे पण येतात पण त्यांना शक्यतो ग्रुप टूर हवी असते, बस, गाईड, जेवण सगळं तयार. त्यामुळं मे महिन्यात तासगाव भागातलं एक द्राक्ष बागायतदार कुटुंब येऊन म्हणालं की आम्हाला जर्मनीत स्वतः गाडी चालवत आठवडाभर द्राक्षाचा एरिया बघायचाय, तेव्हाच मला कळलं की आजचा दिवस वेगळा जाणार. सकाळी अकराला आलेली मंडळी दुपारी चहा होऊन गेल्यावर उठली.

काका, काकू, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आणि सून. मुलानं प्रोग्रॅम आधीच काढून आणलेला, सात दिवसांत ऱ्हाईन, मोझेल, फ्रान्सचा अल्सास आणि जाता जाता स्वित्झर्लंड, रोज नवीन हॉटेल. मी तो कागद शांतपणे वाचला आणि सरळ सांगितलं की ह्यात तुम्ही फक्त हायवे बघणार. एकच नदी धरा. मोझेल धरा.

मोझेल फ्रान्समधे उगम पावते, लक्झेंबर्गच्या कडेनं जर्मनीत येते आणि कोब्लेंझला ऱ्हाईनला मिळते, एकूण साधारण ५४५ किलोमीटर. त्यातला ट्रिअर ते कोब्लेंझ हा पट्टा आपल्या कामाचा. नदीकाठानं गेलं तर दोनशेच्या जरा आतबाहेर किलोमीटर भरतं, हायवेनं गेलं तर त्यापेक्षा बरंच कमी, कारण नदी इतकी वळणं घेते की डोंगराच्या मानेवरनं चालत गेलं तर शेजारचं वाटणारं गाव गाडीनं काठाकाठानं कितीतरी लांब पडतं. दोनशे किलोमीटरला सात दिवस म्हणल्यावर मुलाचा चेहरा पडला. काका मात्र पुढं सरकून बसले.

मुलानं मोबाईलवर ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट बागेचा फोटो दाखवला. युरोपातली सगळ्यात तीव्र उताराची द्राक्षबाग म्हणून ती ओळखली जाते, काही ठिकाणी उतार ६५ अंशाच्या आसपास. काका फोटो मोठा करून बघत म्हणाले, "ही भिंतच की ओ ताई, हितं फवारणी कशी करत्यात?" मी सांगितलं की अशा उतारावर हेलिकॉप्टरनं करतात, आता ड्रोन पण आलेत, आणि माणूस आणि क्रेट वर-खाली न्यायला एका रुळावरची छोटी मोनोरेल असते. मग प्रश्नांचा पाऊसच. वेलाला आधार मांडवाचा आहे का वाय आकाराच्या अँगलचा? दोन्ही नाही, बऱ्याच जुन्या उतारावरच्या बागांत प्रत्येक वेलाला एकच खांब आणि काड्या वाकवून पत्त्यातल्या बदामाच्या आकारात बांधलेल्या. जात कुठली? रिसलिंग, वाईनचं द्राक्ष, मणी बारीक आणि बियांचा. काकांच्या बागेत सुपर सोनाका आणि थॉम्सन, दोन्ही बिनबियांच्या जाती, बराचसा माल बेदाण्याला जातो, त्यामुळं बियांचं द्राक्ष म्हणल्यावर त्यांना काही पटंना. पण जमीन म्हणजे नुसता स्लेटचा चुरा, तो दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलाला ऊब देतो असं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. आपल्याकडं उन्हानं मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडाला पेपर बांधतात, आणि ती माणसं ५० अंश अक्षांशाच्या आसपास राहतात म्हणून मिळंल तेवढं ऊन गोळा करायला डोंगर चढतात. सांगली १७ अंशाला आहे, फरक किती तो बघा.

आणि इथंच प्लॅनिंगचा खरा मुद्दा निघाला, तो काकांमुळं. ते म्हणाले, "मग बागा दक्षिण अंगालाच असणार, नदी वळली की बाग पलीकडच्या काठाला जाणार." अगदी बरोबर. मोझेलच्या जुन्या नावाजलेल्या बागा बघितल्या तर जास्त करून दक्षिण किंवा नैऋत्येकडं तोंड केलेल्या उतारावर, वळणागणिक कधी डाव्या तीराला कधी उजव्या. वेलन गाव एका तीराला आणि त्या गावाच्या नावानं ओळखलं जाणारं बागेतलं १८४२ चं सूर्यघड्याळ समोरच्या तीराला. म्हणजे बाग नीट बघायची तर मुक्काम बागेखाली नाही, समोरच्या काठाला घ्यायचा. बर्नकास्टेलची डॉक्टर नावाची प्रसिद्ध बाग बघायची तर रूम नदीपलीकडं कुएसला घ्यायची. मी नकाशावर प्रत्येक मुक्कामाचा तीर पेननं मार्क करत गेले आणि काका शेजारी बसून उतार ओळखत होते. मला हे काम करताना इतका आनंद क्वचित झालाय.

मग तारखा. रिसलिंगची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मुलाला काढणीच बघायची होती. काकांनी एका वाक्यात विषय संपवला, ऑक्टोबरात फळछाटणी, तेव्हा बाग सोडून कुठं जात नाही. जूनमधे काडी तयार होत असते, तेव्हापण नाही. मोकळीक म्हणजे ऑगस्ट. त्या दिवसांत मोझेलला मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरायला लागलेले असतात, आणि काका म्हणाले काढणीत काय क्रेटच दिसत्यात, बाग बघायची तर घड भरताना बघावी. मला हे शंभर टक्के पटलं. वर सप्टेंबरच्या सुरुवातीला बर्नकास्टेलला मोठा वाईन उत्सव असतो तेव्हा तिथं रूम मिळणं अवघड, आणि गणपतीला घरी पाहिजेच. ऑगस्टचा शेवटचा आठवडा ठरला.

आता मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला, गाडी चालवणार कोण? मुलगा म्हणाला मी. मी म्हणलं मग तुम्ही वाईन चाखायची नाही. जर्मनीत लिमिट शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, आपल्याकडं ३०, पण तिथं ३० च्या पुढं असताना काही चूक केली किंवा ठोकलं तर तेवढ्यावरही केस होते, आणि चार ठिकाणी घोट घोट म्हणता म्हणता किती झालं ते कळत नाही. ह्या विषयावर मी कुणाचंच ऐकत नाही, टेस्टिंग आणि स्टिअरिंग एका माणसाकडं असलं तर मी तो प्लॅन करून देत नाही. मुलगा आणि काका एकमेकांकडं बघायला लागले, सूनबाईंना गाडी येत नव्हती.

इतका वेळ कडेला पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या काकू म्हणाल्या, "मी चालवते की."

काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ, त्या दारूच्या थेंबाला शिवत नाहीत हे माहीत होतं, पण त्या पिकअपमधे बेदाणा भरून स्वतः तासगाव मार्केटला आणतात हे मला तेव्हा कळलं. मुलगा म्हणाला, आई तिकडं उजव्या बाजूनं चालवायचं असतं, स्टिअरिंग डावीकडं. काकू म्हणाल्या, "बागेतल्या बोळातनं पिकअप रिव्हर्स घेत बाहेर काढती तवा कुठली बाजू असती रे?" मुलगा काही बोलला नाही.

तिथनं सगळा प्लॅन मी काकूंच्या हिशोबानं नव्यानं बसवला आणि तो आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. फ्रँकफर्टला उतरून जेट लॅगमधे लगेच गाडी नाही, विमानतळावरनं ट्रेननं कोब्लेंझ, रात्री झोप, सकाळी तिथनं गाडी घ्यायची. ऑटोमॅटिकच, ती आधी सांगून बुक करावी लागते आणि महाग पडते, पण ह्यात काटकसर नको. पहिल्या दिवशी फक्त कोखेमपर्यंत, पन्नासेक किलोमीटर. हायवे जवळजवळ टाळला. दोन रात्री कोखेमला, तिथनं एल्ट्झचा किल्ला आणि ब्रेमच्या समोरच्या काठावरनं काल्मोंट. मग कुएस, आणि शेवटी ट्रिअर.

रूम शक्यतो बागायतदारांच्या घरातल्या, किचनसकट, म्हणजे काकूंना भाकरी करता येईल. पीठ न्यायला हरकत नाही पण तूप, खवा, दुधाची मिठाई युरोपात नेता येत नाही, आणि रविवारी तिथं दुकानं बंद त्यामुळं भाजी शनिवारीच घ्यायची. उन्हाळ्यात काही बागायतदार घरच्या अंगणात आपलीच वाईन आणि साधं जेवण विकतात, वर्षात चार महिन्यांपर्यंतच परवानगी असते. तिथं काकूंसाठी द्राक्षाचा रस बहुतेक मिळतोच.

एक अडचण मात्र आली. भाड्याच्या गाडीला डिपॉझिटसाठी मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि काकूंकडं ते नाही. मग मुलगा मुख्य ड्रायव्हर, काकू ॲडिशनल ड्रायव्हर, थोडे जादा पैसे. दोघांचं इंटरनॅशनल परमिट आरटीओतनं काढायचं, ते एक वर्ष चालतं. आणि व्हिसासाठी लागणारा प्रवासाचा मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा.

कोखेमचे फोटो दाखवताना मी एका घराच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा दाखवल्या, वर्षासकट कोरलेल्या. आमच्याकडं २००५, २०१९ चे कृष्णेचे पूर सांगायला लागत नाहीत, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. काकूंनी लगेच विचारलं, ऑगस्टात तिथं पूर येतो का. मोझेलचे मोठे पूर जास्त करून हिवाळ्यात येतात, १९९३ चा मोठा पूर डिसेंबरातला. तरीपण नदीकाठच्या घरात वरच्या मजल्यावरचीच खोली द्या असं त्यांनी सांगितलं, आणि मी तसंच बुक केलं.

ट्रिअरला रोमनांचा दुसऱ्या शतकातला पोर्टा निग्रा दरवाजा आहे, मुलाला तो बघायचाय. काकांसाठी मी तिथलं म्युझियम घातलं, कारण नॉयमागेन गावात १८७८ साली सापडलेलं वाईनची पिंपं वाहणारं दगडी रोमन जहाज तिथं ठेवलंय. म्हणजे ह्या नदीवर वाईनचा धंदा अठराशे वर्षं तरी चाललाय. काका म्हणाले ते आधी दाखवा, दरवाजा नंतर.

शेवटी काकूंनी एक काम सांगितलं. कुएसला ज्यांच्या घरी राहणार त्या बाईंना विचारा, छाटणीला आणि काढणीला माणसं कुठनं आणता, आणि एका माणसाला दिवसाला किती पडतात. मी त्याच संध्याकाळी मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं की या, सगळं सांगते, बाग पण स्वतः फिरवून दाखवते. काकूंना फोन केला तर त्या भाच्याची ऑटोमॅटिक गाडी घेऊन मिरज रोडला प्रॅक्टिस करत होत्या, म्हणाल्या गाडी कडेला घेतलीय, वाचा.