गवई मुक्कामाला येणार असतील तर

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव आला की पुण्यातल्या छोट्या गेस्टहाउसांतही गायक-वादक, साथीदार, शिष्यमंडळी उतरतात. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. चार खोल्यांच्या जागेतही या मंडळींची सोय उत्तम होते, फक्त खोली ठरवताना आधी वाद्याचा विचार करायचा, मग माणसाचा.

बुकिंगच्या वेळीच विचारा: वाद्यं कोणती, रियाज किती वाजता, रात्री परतायला किती उशीर. पुरुषी, म्हणजे पुरुष गायकांचा, तानपुरा जवळजवळ पाच फुटी असतो. वळणाच्या जिन्यात त्याचा खालचा भोपळा कठड्याला लागतो, म्हणून तळमजल्याची खोली द्यावी. भोपळा खराखुरा, वाळवलेला. तडा गेला तर ऐनवेळी दुरुस्त करून देणारं कुणी मिळत नाही. तानपुरा भिंतीला टेकवून ठेवला तर गुळगुळीत फरशीवर हमखास घसरतो. तो आडवा, भोपळ्याखाली चुंबळ देऊन, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवायचा. फरशी पुसणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा, वाद्य हलवायचं नाही.

आता आवाज. जुन्या चोकची ट्यूबलाइट असेल तर आजच बदला. तिची घरघर साधारण १०० हर्ट्झची, म्हणजे पेटीच्या पांढरी पाच आणि काळी चार या पट्ट्यांच्या सुरांच्या दरम्यान. काळी एकमध्ये, म्हणजे त्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्याचा पंचम (प) काळी चारवर येतो आणि ही घरघर त्याला सतत खटकत राहते. तानपुरा लावताना, म्हणजे सुरात जुळवताना, पंखाही बंद लागतो. खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज पहाटेच सुरू होतो. तेव्हा शेजारची खोली त्यांच्याच साथीदाराला द्यावी, आणि खाली जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा असावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि सूर नीट ऐकू येत नाही.

एसी फार थंड ठेवू नये. कोरड्या हवेत तबल्याची पुडी (वरचं चामडं) ताणली जाऊन सूर चढतो, दमट हवेत उतरतो. खोलीत लावलेला तबला मांडवात पुन्हा लावावा लागतो. पखवाजवाले असतील तर पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, लावायला स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा लागेल. पोळ्यांच्या कणकेत तेल-मीठ पडण्याआधी मूठभर बाजूला काढून ओल्या फडक्यात झाकून ठेवावी. वादन झालं की धुमेवरची कणीक खरवडून टाकायची असते, त्यासाठी एखादी वाटी द्या. तशीच राहिली तर उंदीर चामडं कुरतडतात.

जेवण गाण्याच्या दोन-तीन तास आधी, हलकं. रियाज चालू असताना मिरचीची फोडणी अजिबात घालू नये, तो ठसका गळ्याला बाधतो. मध्यरात्री परतणाऱ्यांसाठी मऊ भात, मेतकूट, तूप आणि थर्मासभर गरम पाणी ठेवलं की पुरे. दही कुणाला चालतं, कुणाला नाही. ते मात्र विचारूनच वाढावं.

गाडी ठरवताना मागची सीट आडवी होणारी मागवा. रिक्षात तानपुरा आणि माणूस दोघेही अवघडतात.