पाळीपत्रकाने जोडलेली माणसं

रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलो आणि वसतिगृहात वाढलो, हे मी आजही कुणाला ओळख करून देताना आवर्जून सांगतो. वर्गात शिकलेलं पुष्कळ कामी आलं. पण माणसांशी जुळवून घ्यायला मला शिकवलं ते वसतिगृहाच्या पाळीपत्रकाने.

दर रविवारी संध्याकाळी रेक्टर सर ते व्हरांड्यात लावायचे. झाडलोट, पाणी, भाकरी, वाढप, भांडी, बाग. जोड्या सरच ठरवायचे आणि दर आठवड्याला बदलायचे. एका गावची दोन मुलं सहसा एका जोडीत येत नसत. आदल्या दिवशी भांडलेली दोघं मात्र हमखास एकत्र यायची. पत्रकात सरांचंही नाव असायचं, बहुतेक वेळा भांड्यांपुढे. मग कामाला नाही म्हणायला कुणाला तोंडच उरत नसे.

आठवीत पाण्याच्या पाळीला माझ्या जोडीला माण तालुक्यातला एक उंच, अबोल मुलगा आला. तेलाच्या पत्र्याच्या डब्याच्या कडीत काठी घालायची आणि दोघांनी खांद्यावर घेऊन विहिरीपासून कोठीघरापर्यंत न्यायची. पावलं जुळली नाहीत की पाणी हिंदकळून चड्डी भिजायची. दोनेक दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की उचलण्याआधी तो दर वेळी डबा वीतभर आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे जास्त ओझं त्याच्या खांद्यावर. मी म्हटलं, "अरे, मधे घे की." तो म्हणाला, "चल, भाकरीची घंटा होईल." बस्स, एवढंच. त्याला इंग्रजी जड जायचं. त्या रात्रीपासून अभ्यासाला मी त्याच्याशेजारी वही मांडू लागलो. आमची मैत्री आजही तशीच आहे.

साताऱ्याकडच्या थंडीत पहाटे पाचला अंथरूण सोडणं सोपं नव्हतं. पण जोडीदार विहिरीवर काठी घेऊन उभा असणार, एवढं आठवलं की पाय आपोआप खाली यायचे. पुढे नोकरीत प्रेरणेवरची व्याख्यानं खूप ऐकली, काही चांगलीही होती. त्यांचा परिणाम मात्र चार दिवस टिकायचा. रोज उठून कामाला लागायचं तर कुणीतरी आपली वाट बघत असावं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

ही रीत आमच्या सरांची एकट्याची नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आमच्या अण्णांनी, १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. गावोगावचे पाणवठे तेव्हा जातीप्रमाणे वेगळे होते. अशा काळात तिथली मुलं एकत्र राबत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसत. त्यांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. आम्ही दोघं एका काठीला खांदा देत होतो, त्यामागे एवढं मोठं काम उभं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुढे मी एसटीत वाहतूक नियंत्रक झालो. सणासुदीला मुक्कामी गाडीवर कुणाला पाठवायचं, यावरून आगारात फार तणातणी व्हायची. मी ड्युटी लावण्याआधी प्रत्येकाच्या घरची चौकशी करू लागलो. कुणाची आई आजारी, कुणाच्या मुलीची परीक्षा. पाळी फिरती ठेवली, तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावला आणि दिवाळीच्या रात्री स्वतः कंट्रोल केबिनमध्ये थांबलो. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. पण एकदा ड्युटीवरून सगळ्यात जास्त वाद घालणारा ड्रायव्हर आपणहून केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "साहेब, त्याची आई दवाखान्यात आहे. आजचा मुक्काम मी करतो." तो दिवस मी विसरणार नाही.

आता वसतिगृहात मेस आहे. मुलांना अभ्यासाला वेळ मिळतो, ते चांगलंच आहे. तरी शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती करतो: महिन्यातला एक रविवार मुलामुलींनी जोड्यांनी स्वयंपाकघर सांभाळावं, आणि जोड्या शिक्षकांनी ठरवाव्यात. परात, तवे, पातेली यांची सोय आमची १९८६ ची बॅच करणार आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना यात सहभागी व्हायचं असेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावं.