९००७१९९२५४७४०९९३ कुठे गेला?

सकाळी लॉगिन केलं तर सपोर्टमधल्या मैत्रिणीचा मेसेज येऊन पडलेला, "अरे, यादीत नाव एकाचं दिसतंय आणि क्लिक केलं की भलत्याचंच रेकॉर्ड उघडतंय, लवकर बघ." म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याला दिसत होती, पोटात गोळाच आला.

आधी कॅशवर (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतींवर) संशय घेतला, ती साफ केली, काही फरक नाही. डेटाबेसमध्ये सगळं जागच्या जागी. शेवटी डेटाबेसमधले आयडी आणि ब्राउझरमधले आयडी कागदावर शेजारी शेजारी लिहून काढले. सोळा आकडी नंबर, पहिले तेरा आकडे सारखेच म्हणून फक्त शेवटचे तीन लिहिले. ९९२ चे ९९२ च, ९९३ चे पण ९९२, ९९४ बरोबर, ९९५ चे ९९६, ९९६ बरोबर, ९९७ चे पण ९९६, ९९८ बरोबर.

सम सगळे नीट, विषम सगळे चुकलेले, आणि चुकताना कधी एकने खाली तर कधी एकने वर! इतका शिस्तीत चुकणारा बग बघून मी ताठच बसलो. पूर्ण नंबर परत वाचला, ९००७१९९२५४७४०९९२, अरे हा तर २ चा ५३ वा घात!

जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत, साधा नंबर ६४ बिटांत (० किंवा १ च्या ६४ घरांत) बसवतात पण त्यातले खरे आकडे धरायला ५३ च बिट मिळतात (नंबर कसे साठवायचे हे ठरवणारं १९८५ चं आयईईई ७५४ स्टँडर्ड). २ च्या ५३ व्या घातापर्यंत प्रत्येक पूर्णांकाला जागा आहे, त्याच्या पुढे मात्र एक सोडून एक. ९९३ वाला बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिला तर एक १, मग बावन्न शून्यं आणि शेवटी परत १, म्हणजे ५४ आकडे, शेवटच्या १ ला जागाच नाही. तो ९९२ आणि ९९४ च्या बरोब्बर मधे पडतो, आणि अशा वेळी नियम असा की ज्या शेजाऱ्याचा ५३ वा बिट शून्य तिकडे जायचं. इथे तो ४ ने भाग जाणारा शेजारी, म्हणून ९९५ आणि ९९७ दोघंही ९९६ वर जाऊन बसले. मला हा नियम फार आवडतो, कारण दरवेळी वरच ढकललं असतं तर मोठ्या बेरजांमध्ये चूक एकाच बाजूला साचत गेली असती.

आमचे आयडी वेळेवरून बनतात त्यामुळे ते वाढत वाढत इथवर पोचले, आणि टेस्टमधले सगळे आयडी लहान, त्यामुळे कधी लक्षातच आलं नाही. उपाय छोटा होता, सर्व्हरकडून आयडी नंबर म्हणून न पाठवता स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून पाठवायचा. बदल अर्ध्या तासाचा, तपासण्यात संध्याकाळ झाली.

तोवर त्या २ च्या ५३ व्या घाताच्या शेजाऱ्यांचे अवयव पाडत बसलो होतो, राहवलंच नाही. एक कमी केला तर ६३६१ × ६९४३१ × २०३९४४०१, म्हणजे ५३ मूळ संख्या असूनही २ चा ५३ वा घात वजा १ मूळ नाही, आणि तिन्ही अवयवांना १०६ ने भागलं तर बाकी १ च उरते, कारण ५३ मूळ असल्यामुळे इथे दुसरा कुठला अवयव येऊच शकत नाही. एक वाढवला, म्हणजे आमचा हरवलेला ९९३ वाला, तर ३ × १०७ × २८०५९८१०७६२४३३. ह्या ९९३ वाल्याच्या सगळ्या आकड्यांची बेरीज ७८, म्हणून ३ ने भाग जाणार हे तोंडीच कळतं.

आता आमच्या टेस्टमध्ये पहिलाच आयडी ९००७१९९२५४७४०९९३ आहे, ब्राउझरपर्यंत जाऊन तो ९९३ च परत आला तरच पुढच्या टेस्ट चालतात.