आकडा ट्रिटियमचा, ऑक्सिनचा नव्हे

अंधारात वाढवलेली वाटाण्याची रोपं फिकट आणि लांबोडकी असतात. त्यांच्या खोडाचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे आम्ही मंद प्रकाशात कापत होतो. ऑक्सिन, म्हणजे वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक, उजेडात टिकत नाही. प्रत्येक तुकड्याच्या मूळच्या खालच्या टोकाला ब्लेडने खूण करायची, कारण कापल्यावर वरचं टोक कुठलं हे नुसतं बघून ओळखता येत नाही.

तुकडा उभा करून वर ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेला) ऑक्सिन मिसळलेलं आगर, म्हणजे जेलीसारखा पदार्थ, खाली कोरं आगर. काही तुकडे सुलटे, काही उलटे. ट्रिटियममधून निघणारे कण फार दुबळे, गायगर काउंटरला ते सापडत नाहीत. म्हणून काही तासांनी खालचं आगर कुपीत घालून सिंटिलेशन काउंटरमध्ये ठेवलं. सुलट्या तुकड्यांखालच्या आगराचे आकडे भराभर चढले. उलट्यांखालचे रिकाम्या कुपीच्या जेमतेम वर. आगर वर होतं, गुरुत्वाकर्षण खाली खेचत होतं, तरी ऑक्सिन उतरला नाही! पेशीतून ऑक्सिन बाहेर सोडणारी पिन प्रथिनं पेशीच्या मूळच्या खालच्या बाजूला बसलेली असतात. तुकडा उलटा केला तरी ती तिथेच राहतात. ही वाहतूक प्रामुख्याने वाहिन्यांलगतच्या जिवंत पेशींतून होते, तासाला साधारण एक सेंटिमीटर.

मला जास्त गुंतवलं ते पुढच्या भागाने. रात्रभर ठेवलेले सुलटे तुकडे आम्ही दोन-दोन मिलिमीटरवर कापून मोजले, तर खोडातच बरंच ट्रिटियम मुक्काम ठोकून होतं. संशोधन करणारी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ऑक्सिन इथे साठतोय." मी म्हटलं, "काउंटर ट्रिटियम मोजतो गं, ते कशाला चिकटलंय ते सांगत नाही. आधी अर्क काढून प्लेटवर चालवू."

पातळ थर दिलेल्या या प्लेटवर द्रावक वर चढतो आणि वेगवेगळी संयुगं वेगवेगळ्या उंचीवर नेऊन ठेवतो. तिने प्लेटचा थर पट्ट्यापट्ट्यांनी खरवडून एकेक पट्टी कुपीत भरली. खालच्या आगरातलं ट्रिटियम शुद्ध ऑक्सिनच्या उंचीवर होतं. खोडातलं मात्र बरंचसं प्लेटच्या तळाशी, ॲस्पार्टिक आम्लाशी जोडलेल्या ऑक्सिनच्या जागी. वाटाण्यात हे संयुग 1955 सालीच दाखवलं गेलं होतं. जादा ऑक्सिन रोप असा बांधून टाकतं आणि तो पुन्हा कामाला येत नाही. आमच्या आलेखातला सगळ्यात उंच भाग या निवृत्त ऑक्सिनचा होता!

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगातला निम्मा ऊतक मोजणीला जातो, निम्मा प्लेटवर.