बेदरचा रंगीन महल बघायला जाताना

आमच्या घरात 'बिदर' कुणी म्हणत नाही, बेदरच म्हणतात. आमचं उदगीर १९५६ पर्यंत बेदर जिल्ह्यातच होतं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि बेदर म्हैसूर राज्यात गेलं. आजोबांची कोर्टाची कामं बेदरला असायची, त्यामुळे त्या गावाचं नाव घरात लातूरइतकंच सवयीचं. त्यात दामाजीपंतांची गोष्ट. मंगळवेढ्याची कोठारं त्यांनी दुष्काळात लोकांना उघडून दिली, बादशहाने त्यांना धरून आणायला माणसं धाडली, आणि पंत वाटेत असतानाच विठू महाराच्या रूपात पांडुरंगाने बेदरच्या दरबारात धान्याचे पैसे भरले. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना मला एकच प्रश्न पडायचा, तो दरबार भरायचा कुठे?

गेल्या डिसेंबरात अण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन बेदरचा किल्ला आणि त्यातला रंगीन महल बघून आले. त्याआधी एकदा मे महिन्यात गेले होते आणि अर्धा किल्ला बाहेरूनच पाहून परतले होते. या वेळी काय वेगळं केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे जाणाऱ्यांची खेप वाया जाणार नाही.

आधी वाटेचं. लातूर-उदगीरकडून येणाऱ्यांना भालकीमार्गे रेल्वे आणि एसटी दोन्ही आहेत. मुंबईहून बेदरपर्यंत थेट गाडी आहे, ती लातूर-उदगीरवरूनच जाते. स्वतःच्या गाडीने पुण्या-सोलापूरकडून येत असाल तर हैदराबाद महामार्गाने उमरग्यावरून हुमनाबादला या आणि तिथून आत वळा. भाषेची अडचण अजिबात येत नाही. कन्नड, दखनी म्हणजे इकडची उर्दू, आणि मराठी तिन्ही चालतात. अण्णांनी रिक्षावाल्याशी जी दखनी सुरू केली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. 'नक्को' हा दखनीतला शब्द आपल्या 'नको'वरूनच आला आहे, हे कानाला तिथे लगेच कळतं.

किल्ल्यात शिरण्याआधी खंदकापाशी थांबा. बरेच लोक गाडी पुढे काढतात. हा खंदक तिहेरी आहे. जांभ्याचा खडक खोदत नेताना मध्ये खडकाच्याच दोन भिंती तशाच उभ्या ठेवल्या आहेत, त्यामुळे एकामागे एक असे तीन खंदक झाले. कोकणातल्या माणसाला हा दगड घरचाच वाटेल. खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. जांभ्याला बारीक छिद्रं असतात आणि तो पाणी पितो, हे लक्षात ठेवा. पुढे कामी येईल.

अहमदशहा वली बहमनीने पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली आणि हा किल्ला नव्याने बांधून काढला. बहमनींनंतर बरीदशाही आली, मग विजापूरकर, मग मोगल, मग निजाम. प्रत्येकाने काहीतरी जोडलं, काहीतरी पाडलं. शरजा दरवाजावर दोन वाघ कोरलेत, त्यांना बघून पुढे गुंबद दरवाजातून आत गेलात की रंगीन महल जवळच आहे. आणि इथेच माझी पहिली खेप फसली होती. महालाला कुलूप होतं, दुपारचे दोन वाजले होते, उन्हाने दगड तापले होते आणि विचारायला आसपास कुणी नव्हतं.

कुलपं उगीच लावलेली नाहीत. आत जे उरलंय ते इतकं नाजूक आहे की मोकळं सोडलं तर वर्षभरात नखांनी उकरून नेलं जाईल. तेव्हा कुलूप दिसलं की वैतागू नका. सकाळी लवकर या, शक्यतो सुट्टीचा दिवस टाळा. आधी शाही हमामाच्या, म्हणजे स्नानगृहाच्या, इमारतीतल्या वस्तुसंग्रहालयात जा. तिथे पुरातत्त्व खात्याची माणसं भेटतात. त्यांना शांतपणे सांगा की रंगीन महल, गगन महल आणि तरकश महल आतून बघायचे आहेत, आम्ही थांबायला तयार आहोत. आम्ही सुमारे तासभर थांबलो. कुठे काम चालू असेल तर त्या दिवशी तो भाग दाखवत नाहीत, ते मान्य करा. आम्हाला गगन महल मिळाला नाही. रंगीन महल मिळाला.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक वयस्कर रखवालदार आले. अण्णांनी त्यांना 'चाचा' म्हटलं, त्यांनी अण्णांना 'साब' म्हटलं. आत पाऊल टाकलं की आधी लाकडी खांब दिसतात. आपल्याकडचे जुने वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे कोरीव खांब आणि वरचे हात ओळखीचे वाटतील. दख्खनच्या सुताराने सुलतानासाठी काम केलं म्हणून हात बदलला नाही. हे रूप महालाला अली बरीदच्या काळात आलं, १५४२ ते १५८० अशी त्याची कारकीर्द. खांबांच्या मागे आतल्या दालनाकडे जाणारी कमान आहे, आणि ज्यासाठी दोनदा यावं लागलं ते तिथे आहे.

काळाभोर, आरशासारखा घोटलेला दगड. त्यात शिंपल्याचे तुकडे बसवून काढलेली वेलबुट्टी आणि फारसी ओळी. समोरून बघितलं तर नुसतं पांढरट दिसतं. चाचांनी टॉर्च भिंतीच्या अगदी कडेला, तिरका धरला आणि शिंपल्यात गुलाबी, हिरवा, निळा असे रंग फिरायला लागले. काही तुकडे करंगळीच्या नखाहूनही लहान आहेत. त्या प्रत्येकासाठी दगडात तेवढीच खाच कोरायची, तुकडा घासून बेताचा करायचा आणि असा बसवायचा की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. बोट मात्र कुणीही फिरवायचं नाही. काही खाचा रिकाम्या आहेत, शिंपला केव्हाच गेलाय. मला त्या भरलेल्या भागांइतक्याच मोलाच्या वाटल्या, कारण खाच किती खोल आहे, तिचा तळ कसा खरबरीत ठेवलाय, हे फक्त तिथेच दिसतं. टॉर्च मोठा आणा, मोबाइलचा पुरत नाही.

आमच्या देवघरात आजीची एक बिदरीची करंडी आहे. जस्तात थोडं तांबं घालून ओततात, त्यावर कोरून चांदीची तार ठोकतात आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून त्यात भांडं घालतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते. ही माती जुन्या वास्तूंच्या आडोशातली, ऊन-पाऊस न लागलेली लागते. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. रंगीन महालात उभी असताना ती करंडी डोळ्यांपुढे आली. तिथे काळ्या दगडात शिंपला, इथे काळ्या धातूत चांदी. गावातल्या बिदरीच्या दुकानांत आधी जाऊ नका. महाल बघून मग जा, म्हणजे काय विकत घेतोय ते कळेल.

पुढे सोळा खांब मशीद. हिच्यावरचा लेख १४२३-२४ चा. औरंगजेबाने शहजादा असताना किल्ला घेतला तेव्हा इथेच बापाच्या नावाने खुतबा, म्हणजे राज्यकर्त्याचं नाव घेऊन होणारं मशिदीतलं प्रवचन, वाचवला होता. जाडजूड गोल खांबांमधून थंडगार वारा येतो. अण्णा इथे अर्धा तास बसले. वयस्कर माणूस बरोबर असेल तर विसाव्यासाठी ही जागा हेरून ठेवा.

तिथून दिवाण-ए-आम, म्हणजे आम दरबाराचं दालन, आणि पलीकडे तख्त महल. हा सगळा भाग शंभर वर्षांपूर्वी ढिगाऱ्याखाली होता. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी तो उपसून मोकळा केला, एकेक दालन ओळखून नोंदवलं. आज आपल्याला जे दिसतं ते बरंचसं त्यांच्यामुळे. तख्त महालात छत उरलेलं नाही, उंच कमानी उरल्यात. एका कमानीच्या कोपऱ्यात फरशीकामातला, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या रंगीत चकाकत्या फरशांचा, वाघ आहे, त्याच्या पाठीवर उगवता सूर्य. इराणातून आलेल्या कल्पनेचा हा दख्खनी अवतार. तो वर आहे, मान मोडेपर्यंत शोधावा लागतो. दुर्बीण असेल तर जरूर न्या.

आम्ही गेलो तेव्हा एका बाजूच्या भिंतीला परांची बांधलेली होती. आत जाता येत नव्हतं, पण दोरीच्या अलीकडून काम दिसत होतं, आणि मला विचाराल तर ते बघणं हा सहलीतला चुकवू नये असा भाग. एक बाई चाळणीतून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, गाळत होत्या. मिस्त्री भिंतीवर चुना चढवण्याआधी तांब्या-तांब्याने पाणी मारत होते. जांभा ते पाणी घटाघटा पीत होता, ओला डाग दोन मिनिटांत फिका पडायचा, की पुन्हा तांब्या. मी विचारलं, एवढं पाणी कशाला? ते म्हणाले, "कोरड्या दगडावर चुना लावला तर दगड त्यातलं पाणी ओढून घेतो, बाई. मग चुना धरत नाही, पीठ होऊन गळतो." लावून झालेल्या भागावर ओली गोणपाटं टांगली होती. चुन्याला घाई चालत नाही.

सिमेंट का वापरत नाहीत, हे अण्णांनी विचारलं. सिमेंटचा थर पाणी बाहेर पडू देत नाही. भिंतीत मुरलेलं पाणी मग जिथे वाट मिळेल तिथून निघतं आणि येताना क्षार घेऊन येतं. ते क्षार फरशीच्या चकाकीमागे साठून फुगतात आणि चकाकीचा पापुद्रा उडतो. चारशे-पाचशे वर्षं ऊन-पावसात टिकलेला निळा रंग चुकीच्या डागडुजीने काही वर्षांत जाऊ शकतो. म्हणून उरलेल्या फरशांच्या कडेने आता चुन्याची बारीक पट्टी ओढतात, म्हणजे तुकडा सुटत नाही आणि मागे पाणीही शिरत नाही. ती पांढरट कड दिसली की तिला विद्रूप म्हणू नका. तिने तो तुकडा धरून ठेवलाय.

एक गोष्ट मात्र मला खटकली. काही ठिकाणी नवा गिलावा इतका गुळगुळीत आहे की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते कळत नाही. गळती थांबवायला, पडती कमान धरायला जे करावं लागेल ते करावंच. पण भिंत कोरी करकरीत दिसावी म्हणून हात चालवू नये. पडक्या भिंतीतून दगडांमधली चुन्याची दर्ज, जांभ्याचे थर, मातीच्या नळाची खोबण हे सगळं वाचता येतं, आणि गिलाव्याखाली गेलं की ते पान मिटतं. परत येणाऱ्यांनी दरवेळी त्याच जागेवरून, त्याच भिंतीचे फोटो काढून तारखेसकट जपून ठेवावेत. मी मे महिन्यातले आणि डिसेंबरातले एकमेकांशेजारी ठेवलेत. काय बदललं ते नुसत्या आठवणीवर सांगताच आलं नसतं.

आता बारीकसारीक. पाणी भरपूर न्या. पायात घट्ट बूट हवेत, पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि गवतात जुन्या विहिरी, हौद, तळघरांची तोंडं उघडी असतात. मुलांचा हात सोडू नका. बंद दालनांत वटवाघळं असतात, दमा असलेल्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. कमानींना आग्यामोहळं लटकलेली दिसतात, त्यांच्याखाली थांबू नका आणि अत्तर लावून जाऊ नका. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर खंदकात पाणी आणि सगळीकडे हिरवळ मिळते, पण दगड निसरडे असतात. किल्ल्याला अख्खा दिवस द्या. सकाळी महाल, दुपारी सोळा खांबांत विसावा, आणि उन्हं कलली की बुरुजांवरच्या तोफा. जेवणाला गुरुद्वारा नानक झिरा साहिबला जा, डोकं झाकायला रुमाल बरोबर ठेवा. लंगर साधा आणि पोटभर. तिथला झरा गुरू नानकांच्या नावाने ओळखला जातो.

दुसरा दिवस असेल तर महमूद गवानचा मदरसा, १४७२ चा, आणि तीनेक किलोमीटरवर अष्टूरचे घुमट. हुमायून शहाचा घुमट वीज पडून अर्धा चिरला गेलाय, त्यामुळे घुमटाची जाडी आणि आतली रचना उभा छेद काढल्यासारखी दिसते. शेजारी अहमदशहा वलीची कबर, छताला सोनेरी अक्षरं. लिंगायत लोक त्याला त्यांचे संत अल्लमप्रभू मानतात आणि उरुसाला जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू, मानाने येतात. तिथेही टॉर्च लागतोच.

निघायच्या आधी अण्णांना पुन्हा एकदा दिवाण-ए-आममध्ये जायचं होतं. ऊन उतरलं होतं, पर्यटकांचा एक घोळका निघून गेला होता. खांबांचे नुसते पाये उरलेल्या त्या दालनात ते मधोमध उभे राहिले, चपला काढून. मी म्हटलं, "अण्णा, हे काही देऊळ नाही." ते म्हणाले, "पंतांचे पैसे भरायला तो आला तेव्हा अशाच ठिकाणी उभा राहिला असेल की गं." मग चाचा जुडगा वाजवत आले, पाच वाजत आले होते, आणि आम्ही उदगीरची गाडी धरायला निघालो.