चॅनल ऑनलाइन लाइव्ह नेताना: माझा अनुभव

मी एका टीव्ही चॅनलच्या मास्टर कंट्रोल रूममध्ये काम करते. चॅनल चोवीस तास इंटरनेटवर लाइव्ह दाखवायचं ठरलं आणि त्याची तांत्रिक बाजू माझ्याकडे आली. असं काम ज्यांच्या वाट्याला येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. चित्र इंटरनेटवर चढवणं यातलं सगळ्यात सोपं. तेच चॅनल वेळेत, सबटायटलसकट आणि जे दाखवायचा हक्क आहे तेवढंच पोचवायचं, यात खरा कस लागला.

टॉवरवरून किंवा उपग्रहावरून सिग्नल एकदा सुटला की बघणारा एक असो वा दहा लाख, आपल्याला काही फरक पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकाला डेटा वेगळा पाठवावा लागतो. सेकंदाला ३ मेगाबिट धरले तरी एक लाख प्रेक्षकांना ३०० गिगाबिट लागतात. स्वतःच्या सर्व्हरवरून हे करायचा विचारच सोडून द्यावा; सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून डेटा पोचवणारं जाळं, घ्यावंच लागतं.

प्लेआउटमधून, म्हणजे कार्यक्रम ठरल्या क्रमाने लावणाऱ्या यंत्रणेतून, निघणारा सिग्नल आम्ही दोन एन्कोडरना (चित्र इंटरनेटसाठी दाबून लहान करणाऱ्या यंत्रांना) दिला, दोघांची वीज वेगळी आणि इंटरनेटची लाइनही वेगळी. एन्कोडर एकाच चित्राच्या १०८० ओळींपासून ३६० ओळींपर्यंत चार आवृत्त्या बनवतो आणि त्यांचे काही सेकंदांचे तुकडे करतो. प्लेअर नेटचा वेग पाहून या आवृत्तीवरून त्या आवृत्तीवर जातो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत ती हीच. चारही आवृत्त्यांचे कीफ्रेम (आधीच्या चित्रावर न विसंबता पूर्ण साठवलेली चित्रं) एकाच क्षणी पडले पाहिजेत, नाहीतर दर्जा बदलताना चित्र अडखळतं. आम्ही दर दोन सेकंदांना कीफ्रेम पक्का केला आणि दृश्य बदललं की आपोआप जादा कीफ्रेम टाकायची सोय बंद केली.

पहिल्या चाचणीत निवेदिका व्यवस्थित दिसत होती, पण खालून सरकणारी बातम्यांची पट्टी थरथरत होती, अक्षरांच्या कडा करवतीसारख्या. आमचं प्रसारण १०८०आय, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड आणि प्रत्येक फील्डमध्ये एकाआड एक ओळी. एन्कोडर दोन फील्ड जोडून सेकंदाला २५ चित्रं काढत होता. बसलेल्या माणसाला ते चालून जातं, सरकत्या अक्षरांना नाही. वरच्या दोन आवृत्त्या सेकंदाला ५० चित्रांच्या केल्या तेव्हा पट्टी सरळ वाहू लागली. एन्कोडरवरचा भार बराच वाढला, बिटरेटही, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, वाढवावा लागला. तरी माझं मत ठाम आहे: ज्या चॅनलवर दिवसभर पट्टी फिरते, त्याने इथे काटकसर करू नये.

मग उशीर. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, तरी सिग्नल वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंदच लागतो. आमचा स्ट्रीम मात्र अर्धा मिनिट मागे होता. कारण साधं: तुकडा ६ सेकंदांचा, आणि प्लेअर सहसा निदान तीन तुकडे मागून सुरुवात करतो. तिथेच १८ सेकंद गेले. एन्कोडिंग आणि सीडीएनचा वेळ वेगळा. हे सगळ्यात आधी उघडं पडलं ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळामुळे. फोनवर वरच्या पट्टीत नऊ वाजून गेलेले असायचे आणि आमच्या बातम्यांत अजून नऊ वाजायचे असायचे. बातम्यांच्या चॅनलने चुकीची वेळ दाखवणं मला अजिबात मान्य नव्हतं. शेवटी ग्राफिक्समध्ये घड्याळ चढायच्या आधीचा फीड ऑनलाइनसाठी वेगळा घेतला. तुकडे २ सेकंदांचे केल्यावर उशीर दहा सेकंदांच्या आसपास आला. याहून खाली जाता येतं, पण प्लेअरकडचा साठा कमी झाला की कमजोर नेटवर बफरिंग वाढतं. फिरतं चक्र बघत बसण्यापेक्षा दहा सेकंद उशीर परवडला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो हक्कांनी. चॅनलने घेतलेल्या कितीतरी गोष्टी फक्त टीव्हीसाठी असतात: चित्रपट, सामन्यांचे क्षण, काही जाहिरातींतलं संगीतसुद्धा. करार काढून वाचायला बसलो तेव्हा जुन्या करारांत इंटरनेटचा उल्लेखच सापडेना. उल्लेख नाही म्हणजे परवानगी नाही, असंच आम्ही धरलं. वेळापत्रकात प्रत्येक कार्यक्रमापुढे ऑनलाइन चालेल की नाही याची खूण घातली. ती खूण प्लेआउट ऑटोमेशन वाचतं आणि सिग्नलमध्ये एससीटीई-३५ चा मार्कर (कुठे तोडायचं हे सांगणारी ठरीव खूण) काही सेकंद आधी पाठवतं. एन्कोडर नेमक्या त्या फ्रेमवर तुकडा तोडतो आणि तिथून स्लेट, म्हणजे सूचनेची पाटी, लागते. पहिल्यांदा स्लेटवर नुसतं ‘हा कार्यक्रम ऑनलाइन उपलब्ध नाही’ एवढंच होतं. प्रेक्षक लगेच बंद करून जायचे. आता त्यावर पुढचा कार्यक्रम किती वाजता सुरू होईल तेही येतं. जाहिरातींच्या ब्रेकलाही हेच मार्कर कामी आले.

थेट बातम्यांत मात्र वेळापत्रक उपयोगाचं नाही. बुलेटिनमध्ये अर्ध्या मिनिटाची सामन्याची क्लिप ऐनवेळी घुसते. त्यासाठी कंट्रोल रूममध्ये एक बटण ठेवलं आणि रनडाउनमध्ये (बुलेटिनच्या क्रमवार यादीत) अशा क्लिपचं नाव लाल रंगात येईल असं केलं. बटण कोण दाबणार, हे प्रत्येक पाळीला नाव लिहून ठरतं. ‘कोणीतरी दाबेल’ यावर विसंबायचं नाही.

शेवटी सबटायटल. आमची सबटायटल टेलिटेक्स्टमधून, म्हणजे टीव्हीच्या सिग्नलसोबत मजकूर पाठवायच्या जुन्या पद्धतीने, जातात आणि ब्राउझरमधल्या प्लेअरला ती कळत नाहीत. त्यांचं वेबव्हीटीटी, म्हणजे ब्राउझरला कळणारं सबटायटलचं रूप, करावं लागतं. सुरुवातीला सबटायटल नंतर बघू, आधी स्ट्रीम चालू करू, असा सूर होता. मी अडून बसले. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी सबटायटल नसलेलं चॅनल म्हणजे अर्धं चॅनल, आणि ‘नंतर बघू’ म्हटलेलं काम मागे पडत जातं. रूपांतर बसवलं. मजकूर चित्राच्या पुढेमागे होत होता, म्हणून दोन्हींचे टाइमस्टॅम्प एकाच घड्याळाला बांधले. थेट कार्यक्रमात टाइप करणाऱ्याला जे दोन-चार सेकंद लागतात, तेवढं अंतर राहतंच. पण ऑनलाइन चित्र तसंही मागे असल्याने मजकूर तेवढा आधी दाखवता येईल का, यावर सध्या काम चालू आहे.